गांजा, मिश्री आणि पोटातलं बाळ

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

आजचा विषय थोडा अवघड आहे. अवघड अशासाठी, की आपल्याकडे गरोदर बाई आणि गांजा हे दोन शब्द एका वाक्यात कुणी उच्चारत नाही. गांजा म्हटला की डोळ्यांसमोर येतो तो चिलीम ओढणारा बैरागी, नाहीतर कॉलेजच्या मागच्या भिंतीशी उभी असलेली पोरं. त्यात पोटुशी बाई कुठून आली? पण दवाखान्यात बसलं की कळतं, जे उच्चारलं जात नाही ते घडत नाही असं मुळीच नाही.

माझा दवाखाना साकीनाक्याला आहे. अंधेरी-कुर्ला रस्ता आणि साकी विहार रस्ता जिथे मिळतात तो हा नाका. २०१४ च्या जूनमध्ये डोक्यावरून मेट्रो धावू लागली, पण खालची गर्दी काही हटली नाही. एका अंगाला खैरानी रोडचे गाळे, भंगाराची दुकानं, शिलाईचे कारखाने आणि त्यांच्या पोटमाळ्यांवर राहणारी माणसं. दुसऱ्या अंगाला चांदिवलीचे टॉवर आणि साकी विहार रस्त्यावरची ऑफिसं. या दोन्हीकडच्या गरोदर बायका माझ्याकडे एकाच बाकावर शेजारी शेजारी बसतात.

त्यांचे प्रश्न मात्र निराळे असतात. ऑफिसात काम करणारी मुलगी दार नीट लावून घेते आणि हळूच विचारते, ‘‘डॉक्टर, उलट्या थांबत नाहीत. परदेशात म्हणे यावर गांजा घेतात. वनस्पतीच आहे ना शेवटी, नैसर्गिक?’’ गाळ्याच्या माळ्यावर राहणारी काहीच विचारत नाही. तिला मलाच विचारावं लागतं, ‘‘मिश्री लावता का?’’ मग ती आधी सोबत आलेल्या सासूबाईंकडे बघते. आणि तिसरी एखादी, तपासून झाल्यावर उठता उठता सांगते, ‘‘आमचे हे रात्री खोलीतच ओढतात. बाळाला काही होणार नाही ना?’’

या तिघींच्या प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणापासून सुरू होतं. ते ठिकाण म्हणजे वार.

वार म्हणजे आईच्या गर्भाशयाला चिकटलेला तो मांसल गोळा. बाळाला अन्न आणि प्राणवायू त्यातून मिळतो, बाळाची घाण त्यातूनच बाहेर जाते. पूर्वी डॉक्टरांची अशी समजूत होती, की ही वार एखाद्या राखणदारासारखी आहे, वाईट ते अडवते आणि चांगलं तेवढं आत सोडते. ही समजूत फार मोठी किंमत देऊन मोडली. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचं औषध बाजारात आलं. झोपेचं, अगदी निर्धोक औषध म्हणून त्याची जाहिरात झाली. गरोदर बायकांनी ते मळमळीसाठीही घेतलं. नंतर हातापायांची वाढच न झालेली हजारो बाळं जन्माला आली आणि १९६१ च्या नोव्हेंबरात ते औषध जर्मनीच्या बाजारातून मागे घ्यावं लागलं. त्या दिवसापासून वैद्यकशास्त्राने एक नियम मनाशी बांधला. आईच्या पोटात जे जातं, ते बाळापर्यंत पोचतं असंच धरून चालायचं. पोचत नाही असं ज्याला म्हणायचं असेल, त्याने ते सिद्ध करून दाखवावं.

आता गांजाकडे येऊ. गांजा, चरस आणि भांग ही तिन्ही एकाच झाडाची लेकरं. मादी झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, त्याची राळ म्हणजे चरस आणि पानं म्हणजे भांग. कायद्याने मात्र या भावंडांत फरक केला आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा आणि चरस आले, नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येतून वगळल्या गेल्या. त्यामुळे होळीला किंवा महाशिवरात्रीला थंडाईतून घेतलेली भांग अनेकांना नशा वाटतच नाही, तो सणाचा भाग वाटतो. काही पानटपऱ्यांवर पाचक चूर्ण म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांतही भांग असते. आयुर्वेदात भांगेला औषध म्हणून जागा आहे हे खरं, पण आपल्याच औषध नियमांत विषारी द्रव्यांची जी यादी आहे, तिच्यात भांगेचं नाव आहे आणि ती ज्यात आहे ते औषध वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावं असं सांगितलेलं आहे. कायद्याने पानं आणि शेंडे वेगळे केले तरी बाळाच्या दृष्टीने त्यातलं द्रव्य एकच.

त्या द्रव्याला टीएचसी म्हणतात. १९६४ साली इस्राएलमधले रसायनशास्त्रज्ञ राफाएल मेशुलाम आणि त्यांचे सहकारी येहिएल गाओनी यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळं करून त्याची रचना सांगितली. पुढे प्रश्न असा पडला, की एका झाडातलं द्रव्य माणसाच्या मेंदूवर इतकं नेमकं काम करतं, ते कसं? म्हणजे मेंदूत त्याच्यासाठी कुलूप आधीपासूनच असलं पाहिजे. आणि कुलूप असेल तर शरीराची स्वतःची किल्लीही असली पाहिजे. १९९२ मध्ये मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत ती किल्ली सापडली. शोधणाऱ्यांनी तिला नाव दिलं आनंदामाइड. हो, आपल्याच ‘आनंद’ या संस्कृत शब्दावरून.

ही शरीराची किल्ली नुसती आनंदाच्या कामाची नाही. गर्भ गर्भाशयात रुजतो तेव्हा या द्रव्याचं प्रमाण योग्य असावं लागतं. पुढे बाळाच्या मेंदूची घडण होते, एक पेशी दुसऱ्या पेशीपर्यंत आपला धागा नेऊन पोचवते, त्या जोडणीतही या यंत्रणेचा हात असतो. घरात वायरिंगचं काम चालू आहे आणि बाहेरचा कुणीतरी येऊन बटणं चालू-बंद करतो आहे, अशी कल्पना करा. मोठ्या माणसाच्या घरात वायरिंग पूर्ण झालेलं असतं, त्याला फार तर तेवढ्यापुरता झटका बसतो. बाळाच्या घरात काम अजून चालू असतं.

आणि टीएचसी हा पाहुणा लवकर उठणारा नाही. तो चरबीत विरघळतो. दारू काही तासांत शरीरातून निघून जाते. टीएचसी चरबीत साठून राहतो आणि हळूहळू रक्तात उतरतो. रोज ओढणाऱ्याच्या लघवीत काही आठवड्यांनीही त्याचा माग लागतो. तेव्हा ‘मी आठवड्यातून एकदाच घेते’ हा हिशेब आईपुरता ठीक, बाळाच्या बाजूने तो तसा लागत नाही. शिवाय आजचा गांजा पूर्वीचा राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त केलेल्या मालाच्या तपासण्यांत १९९५ साली टीएचसीचं प्रमाण साधारण ४ टक्के होतं, अलीकडे ते १५ टक्क्यांच्या आसपास गेलं आहे.

तुम्ही म्हणाल, हे झालं शास्त्र. प्रत्यक्षात बाळांचं काय होतं?

याचं उत्तर शोधणं सोपं नाही, आणि ते का सोपं नाही हे सांगितल्याशिवाय मी पुढे जाणार नाही. गरोदर बायकांचे दोन गट करून एका गटाला गांजा द्या, असा प्रयोग कुणी करू शकत नाही. ज्या बायका आपणहून घेतात त्यांच्याकडेच बघावं लागतं. आता या बायकांपैकी पुष्कळजणी सिगारेटही ओढतात, काहीजणी दारू घेतात, काहींच्या घरी दोन वेळचं धड जेवण नसतं. मग बाळ लहान झालं ते गांजामुळे की या बाकीच्यांमुळे?

कॅनडात ऑन्टारिओ प्रांतात यावर एक मोठा अभ्यास झाला. तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. २०१२ ते २०१७ या काळातल्या ६ लाख ६० हजारांहून अधिक गरोदरपणांच्या नोंदी त्यात तपासल्या. गांजा घेत असल्याचं सांगणाऱ्या बायका होत्या सुमारे १.४ टक्के. त्यांच्यात अपुऱ्या दिवसांची, म्हणजे ३७ आठवडे भरण्याआधीची बाळंतपणं १२ टक्के होती. न घेणाऱ्यांत ती ६.१ टक्के होती. सरळ दुप्पट. पण संशोधक तिथे थांबले नाहीत. वय, उत्पन्न, सिगारेट, दारू या सगळ्या बाबतींत सारख्या असलेल्या बायकांच्या जोड्या लावून त्यांनी पुन्हा तुलना केली. तेव्हा आकडे आले १०.२ आणि ७.२. म्हणजे दुप्पट दिसणाऱ्या फरकातला बराचसा वाटा बाकीच्या परिस्थितीचा निघाला. तरीही गांजाच्या नावावर धोक्यात जवळपास ४० टक्क्यांची वाढ उरलीच. मला हा अभ्यास आवडतो तो याचसाठी. त्याने भीती दाखवली नाही, आणि धीरही खोटा दिला नाही.

त्यानंतर २०२५ मध्ये निरनिराळ्या देशांतले ५१ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला. त्यात दोन कोटींहून जास्त गरोदरपणांची माहिती होती. कमी वजनाचं बाळ, अपुऱ्या दिवसांचं बाळ, दिवसांच्या मानाने लहान बाळ, या तिन्हींची शक्यता गांजा घेणाऱ्यांत साधारण दीडपट किंवा त्याहून थोडी जास्त आढळली.

मेंदूचं म्हणाल तर कॅनडातच ओटावा इथे पीटर फ्राइड यांनी १९७८ पासून आया आणि मुलं यांचा पाठपुरावा केला. वर्षानुवर्षं, मुलं मोठी होईपर्यंत. त्या मुलांच्या एकूण बुद्ध्यांकात फरक सापडला नाही. पण लक्ष टिकवणं, एखादं काम ठरवून टप्प्याटप्प्याने पार पाडणं, यात शाळेच्या वयात उणीव दिसली. वर्गात पन्नास मुलं असतील तर असं मूल ‘हुशार आहे पण धड बसत नाही’ म्हणून ओळखलं जातं. गांजाचा आणि स्वमग्नतेचा संबंध आहे का, यावर मात्र अभ्यासांचं एकमत नाही. एका मोठ्या अभ्यासात संबंध दिसला, दुसऱ्यात दिसला नाही. तेव्हा त्यावरून कुणी कुठल्या आईला बोल लावू नये.

आणि उलट बाजूचा दाखलाही सांगायला हवा. जमैकात मेलानी ड्रेअर यांनी केलेला एक अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे गांजाचा काढा घेण्याची आणि तो ओढण्याचीही रीत आहे. त्या अभ्यासात गांजा घेणाऱ्या आयांची बाळं महिन्याभराची झाल्यावर मागे पडलेली दिसली नाहीत, काही बाबतींत तर ती बरी दिसली. गांजाचे समर्थक हा दाखला आवर्जून देतात. पण त्यात बाळं होती दोन्ही गट मिळून पन्नासाच्या आत. शिवाय जास्त गांजा घेणाऱ्या त्या आयांची परिस्थिती इतरांपेक्षा बरी होती आणि फरकाचं कारण ते असू शकेल, असं संशोधकांनीच म्हटलं होतं. लाखांच्या नोंदींसमोर हा दाखला किती वजनाचा, ते तुम्हीच ठरवा.

आता त्या ऑफिसातल्या मुलीच्या उलट्यांकडे वळू. तिने ऐकलं ते खोटं नव्हतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात गांजा विकणाऱ्या ४०० दुकानांना संशोधकांनी फोन केला. ‘मी आठ आठवड्यांची गरोदर आहे, मळमळतं, काय घेऊ?’ असं विचारलं. २०१८ मध्ये त्याचा निष्कर्ष आला. सुमारे ६९ टक्के दुकानांनी गांजाचाच काही ना काही प्रकार सुचवला. दुकानदाराला औषध विचारलं की तो दुकानातलंच सांगणार! त्याच देशातली स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना मात्र डॉक्टरांना वर्षानुवर्षं सांगत आली आहे, की गरोदरपणात आणि अंगावर पाजताना गांजा सुचवू नका, घेणाऱ्यांना थांबवायला मदत करा.

यात आणखी एक गोम आहे. बराच काळ रोज गांजा घेणाऱ्या काही माणसांना त्या गांजामुळेच न थांबणाऱ्या उलट्या सुरू होतात. हा विकार २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी प्रथम नोंदवला. आता अशी बाई गरोदर राहिली आणि उलट्या गरोदरपणाच्या समजून तिने गांजा वाढवला, तर काय होईल ते सांगायला नको.

मग उलट्यांवर करायचं काय? सकाळी उठण्याआधी अंथरुणातच कोरडं काहीतरी खायचं, टोस्ट किंवा मूठभर कुरमुरे. दिवसात तीनदा पोटभर जेवण्याऐवजी सहा वेळा थोडं थोडं खायचं. पाणी जेवणाबरोबर न पिता मधल्या वेळात घोट घोट प्यायचं. आल्याचा तुकडा चघळायचा, लिंबू जवळ ठेवायचं. फोडणीचा वास सोसत नसेल तर महिनाभर दुसऱ्या कुणी फोडणी घालायची. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टर गोळी देतात. त्यातली डॉक्सिलअमीन आणि ब-६ जीवनसत्त्वाची जोडगोळी अनेक दशकं वापरात आहे. थॅलिडोमाइडनंतरच्या भीतीच्या वातावरणात तिच्यावरही खटले झाले, १९८३ मध्ये ती अमेरिकेच्या बाजारातून गेली, पुढे भरपूर तपासण्या झाल्या आणि २०१३ मध्ये तिला तिथे पुन्हा मान्यता मिळाली. म्हणजे बाळाच्या दृष्टीने इतकी तपासून घेतलेली गोळी हाताशी असताना न तपासलेल्या झाडपाल्याकडे जाण्याचं कारण नाही. पण पाणीसुद्धा टिकत नसेल, लघवी कमी होत असेल, वजन उतरत असेल तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका. थेट रुग्णालयात जा. आमच्या भागातल्या बायकांना राजावाडी आहे, कुर्ल्याचं भाभा रुग्णालय आहे. सलाईन लागल्यावर एका दिवसात माणूस ताजंतवानं होतं.

आता बाकावरच्या दुसऱ्या बाईकडे येऊ, जिने काहीच विचारलं नव्हतं. कारण खरं सांगायचं तर आपल्याकडे गांजा घेणाऱ्या गरोदर बायका थोड्या आहेत. २०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या देशव्यापी पाहणीत वर्षभरात गांजा, चरस किंवा भांग घेतलेल्यांचं प्रमाण २.८ टक्के होतं आणि त्यात स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा खूपच कमी. पण महाराष्ट्रात तंबाखू घेणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण २०१६-१७ च्या पाहणीत १७ टक्के होतं, आणि त्या जवळजवळ सगळ्या बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या. मुख्य म्हणजे आपली मिश्री. कुणी मशेरी म्हणतं. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटावर घेऊन दातांना लावायची. घाटावर आणि कोकणात ही जुनी सवय, ती गाठोड्याबरोबर मुंबईच्या चाळींत आली. जिला तुम्ही व्यसनी म्हणाल तर ती चिडेल, कारण तिच्या लेखी ती दात घासते आहे. मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, हे दुसरं कारण. दिवसातून चार-पाच वेळा दात कोण घासतं, हा प्रश्न मात्र तिथे विचारायचा नसतो.

या मिश्रीचा पोटातल्या बाळावर काय परिणाम होतो, याचा जगाने दखल घ्यावी असा अभ्यास आपल्या मुंबईतच झालेला आहे. डॉ. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमणी यांनी घरोघरी जाऊन १,२१७ गरोदर बायकांची नोंद केली आणि बाळंतपणापर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. २००४ च्या जूनमध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने तो छापला. या बायकांत बिनधुराची तंबाखू घेणाऱ्या होत्या १७ टक्के. बाकी सगळ्या गोष्टी जमेस धरूनही त्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली आणि सरासरी सहा दिवस आधी जन्मली. २००६ मध्ये याच अभ्यासाचा पुढचा भाग आला, तो आणखी गंभीर. बाळ मृत जन्माला येण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांत ३.१ टक्के होतं, घेणाऱ्यांत ८.९ टक्के.

१०५ ग्रॅम म्हणजे काय, असं वाटेल. लहान वाटीभर तांदूळ. पण बाळाचं वजन २,६०० ग्रॅम होणार असेल, तर त्यातून तेवढं काढून बघा. ते अडीच किलोच्या रेषेखाली गेलं. रेषेखालच्या बाळाला ऊब टिकवणं कठीण, दूध ओढणं कठीण, जंतूंशी झगडणं कठीण. आणि ही सरासरी आहे. कुणाला पन्नास ग्रॅमचा फटका बसतो, कुणाला तीनशेचा.

या अभ्यासातून मला आणखी एक धडा दिसतो, आणि तो गांजालाही लागू पडतो. मिश्रीत धूर नाही. तरी बाळ हलकं झालं. म्हणजे ‘मी ओढत नाही, नुसतं खाते’ किंवा ‘ओढत नाही, थंडाईतून घेते’ ही पळवाट खरी नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या प्राणवायूची जागा अडवतो, म्हणून धूर जास्त वाईट, हे बरोबर. पण धूर नसला म्हणजे निर्धोक, हे त्यातून निघत नाही. तंबाखूतलं निकोटिन आणि भांगेतला टीएचसी ही दोन निराळी द्रव्यं आहेत, त्यांची कामाची रीत निराळी आहे, पण वारेच्या दारातून आत जायला दोघांनाही धुराची गरज पडत नाही. आणि दोघंही आपल्या घरात शिरतात ते चांगल्या नावाने. एक मंजन म्हणून, दुसरा वनस्पती म्हणून.

तिसरी बाई राहिली. नवरा खोलीत ओढतो ती. दहा बाय बाराची खोली, एक खिडकी, तीही डासांसाठी बंद. आपल्याकडे गांजा बहुधा तंबाखूत मिसळून ओढला जातो, तेव्हा त्या खोलीत दोन्ही धूर आहेत. तंबाखूचा धूर शेजारी बसून घेणाऱ्या गरोदर बाईच्या बाळाचंही वजन घटतं, हे पक्कं ठाऊक आहे. तेव्हा बापाने निदान एवढं करावं, ओढायचं ते घराबाहेर, आणि परत आल्यावर हात-तोंड धुवून. खरं म्हणजे सोडावंच. बायको नऊ महिने कढीपासून कलिंगडापर्यंत शंभर पथ्यं पाळते, त्याने एक पाळावं. मिश्री भाजताना होणारा तो ठसकाही तिच्यापासून दूर ठेवायला हवा. सासूबाईंनी स्वतःची सवय मोडली नाही तरी तवा दुसरीकडे न्यावा, आणि सुनेला ‘जरा लाव, बरं वाटेल’ हा आग्रह करू नये.

बाळंतपण झालं की सुटलो, असंही नाही. २०१८ च्या एका अमेरिकी अभ्यासात गांजा घेणाऱ्या आयांच्या दुधाचे ५४ नमुने तपासले, त्यांतल्या ३४ मध्ये टीएचसी सापडला, शेवटचं घेतल्यानंतर सहा दिवसांपर्यंतही. दुधात चरबी असते आणि टीएचसीला चरबी आवडते, हे आपण पाहिलंच. याचा अर्थ दूध तोडावं असा मात्र घेऊ नका. आईचं दूध बाळाला हवंच. तोडायचा तो गांजा.

शेवटी मला बोलायचं आहे ते या बायकांच्या गप्प राहण्याबद्दल. काही देशांत गरोदरपणी नशा करणाऱ्या आयांवर खटले भरले गेले. अशा भीतीने बाई नशा सोडत नाही, ती दवाखाना सोडते. मग रक्त कमी आहे हे कळत नाही, दाब वाढलाय हे कळत नाही, आणि बाळाचं नुकसान दोन्हीकडून होतं. आपल्याकडे खटल्याची भीती नसेल, पण सासरची आहे, शेजारची आहे, आणि आम्हा डॉक्टरांच्या चढ्या आवाजाचीही आहे. म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना आणि घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविकांना विनंती, की मधुमेह आहे का, हे ज्या सुरात विचारता त्याच सुरात हेही विचारा. मिश्री, तंबाखू, गुटखा, दारू, भांग, गांजा, सगळं ओळीने. आणि विचारताना सोबतच्या माणसाला दोन मिनिटं बाहेर बसवा.

बायकांना सांगणं असं, की आतापर्यंत घेतलं असेल तर रडत बसू नका. दिवस गेल्याचं कळण्याआधी एकदोनदा थंडाई प्यायली, म्हणून बाळाला काही झालंच असं नाही. ज्या दिवशी थांबाल त्या दिवसापासून बाळाला फायदा आहे. तिसऱ्या महिन्यात थांबलात तर उत्तम, सातव्यात थांबलात तरी पुढच्या दोन महिन्यांत बाळ झपाट्याने वजन घेतं, ते त्याला घेऊ द्या. मिश्री सोडल्यावर पहिला आठवडा डोकं जड होईल, चिडचिड होईल, पोट साफ होणार नाही. हे सगळं जातं. कोमट पाणी, पालेभाजी, भिजवलेल्या मनुका यांनी पोटाचं काम होतं. दातांना साधी टूथपेस्ट पुरे.

एकटीने जमत नसेल तर मदत आहे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ आणि इतर नशेसाठी १४४४६ या सरकारी क्रमांकांवर फोन करता येतो, पैसे पडत नाहीत. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेलं मुक्तांगण आहे, तिथे स्त्रियांसाठी वेगळी सोय आहे. आणि नवऱ्याला पोलिसांची धास्ती वाटत असेल तर त्याला हे सांगा, की स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला कायद्यातच संरक्षण दिलेलं आहे. १९८५ च्या त्याच कायद्याचं ६४-अ हे कलम त्यासाठी आहे.

तुमच्या ओळखीत कुणी गरोदर असेल, तर पुढच्या तपासणीला माता-बाल संरक्षण कार्डाबरोबर एक चिठ्ठीही न्यायला सांगा. तिच्यावर ती जे जे घेते ते सगळं लिहिलेलं असावं. गोळ्या, चूर्ण, काढे, मिश्री, काहीही. तोंडाने सांगायला लाज वाटत असेल तर नुसती चिठ्ठी पुढे सरकवली तरी चालेल. आम्ही ती वाचू.